सही करा, म्हणजे सुटाल

“जेवली का?”

बाबांचा फोन रोज याच प्रश्नाने सुरू व्हायचा. नागपुरात रात्रीचे साडेनऊ, लंडनमध्ये दुपारचे चार, आणि नोव्हेंबर असल्यामुळे खिडकीबाहेर अंधार. मी म्हणायचे, “हो, सँडविच खाल्लं.” मग पलीकडे जरा शांतता. सँडविच हे जेवण असतं, हे सक्करदऱ्यात कुणाला पटवता येत नाही.

मी वकील आहे. सहा आठवड्यांसाठी लंडनला गेले होते, एका लवादात भारतीय कायद्याचा सल्ला द्यायला. दोन कंपन्यांमधलं भांडण. करार करताना कुणीतरी त्यात कलम घातलं होतं, की वाद झाला तर लवाद लंडनमध्ये बसेल, पण कायदा भारताचा लागेल. त्यामुळे इंग्रज वकिलांना शेजारी एक असा माणूस लागत होता, जो सांगेल की आपल्या १८७२ च्या करार कायद्यात अमुक शब्दाचा अर्थ कोर्टं काय लावत आली आहेत. तो माणूस मी. युक्तिवाद करायचा नव्हता. विचारलं की सांगायचं, आणि कुणी चुकीचं बोलतंय असं वाटलं तर चिठ्ठी सरकवायची.

दिवस ठरलेला. सकाळी आठला ऑफिस. आदल्या रात्री आलेल्या ईमेल वाचायच्या, फायलींच्या गठ्ठ्यात पान क्रमांक जुळवायचे, साडेनऊला सुनावणीच्या खोलीत जाऊन मागच्या रांगेत बसायचं. दुपारी एक तास सुटी. चारनंतर क्लायंटशी बोलणं. आमचा क्लायंट विदर्भातला, मध्यम उद्योजक. नाव, गाव, माल यातलं काही इथे सांगता येणार नाही. इंग्रज वकिलांशी तो इंग्रजीत बोलायचा आणि मग मला वेगळा फोन करून तेच मराठीत पुन्हा विचारायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी समोरच्या पक्षाकडून समझोत्याचा प्रस्ताव आला. मागितलेल्या रकमेतली बरीच रक्कम द्यायला ते तयार होते. अट एकच. पत्रात एक वाक्य हवं होतं : माल सदोष होता आणि ते आम्हाला आधीपासून माहीत होतं.

आजकाल समझोत्यात उलटं वाक्य असतं. “कोणतीही जबाबदारी मान्य न करता” असं लिहून दोन्ही बाजू पैसे देऊन-घेऊन मोकळ्या होतात. इथे पैसे मिळत होते, पण गुन्हा कबूल करून.

क्लायंटचा फोन आला. “मॅडम, तुम्ही सांगा. सही करून टाकू का?”

मी म्हटलं, दुपारनंतर बोलते. आणि जेवणाच्या सुटीत बाहेर पडले.

लेडनहॉल स्ट्रीट

आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर लेडनहॉल स्ट्रीट. तिथे लॉइड्स या विमा बाजाराची इमारत आहे, १९८६ साली उघडलेली. पाइप, जिने, लिफ्ट असं सगळं बाहेरच्या अंगाला, जणू इमारतीचे कपडे उलटे घातलेत. जागा मात्र जुनी. इथेच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं, ईस्ट इंडिया हाउस. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचं राज्य गेलं आणि १८६१ मध्ये ते पाडायला घेतलं.

शाळेत आपण ‘कंपनी सरकार’ हा शब्द पाठ करतो, पण ते सरकार एका गल्लीत होतं, त्याला दार होतं आणि त्या दारासमोर उभं राहून एका मराठी माणसाने सुमारे चौदा वर्षं दाद मागितली होती, हे कुणी सांगत नाही. मला ते नाव ठाऊक होतं ते प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील.

इथे ‘वकील’ या शब्दापाशी थांबायला हवं. आज वकील म्हणजे काळा कोट. मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी. पेशव्यांचा वकील निजामाकडे, भोसल्यांचा वकील पुण्यात. तो आपल्या धन्याच्या वतीने बोलायचा, बातम्या कळवायचा, तह ठरवायचा. त्याच्या पाठीशी राज्य असायचं. रंगो बापूजी लंडनला पोचले तेव्हा त्यांच्या पाठीशी राज्यच उरलं नव्हतं. त्यामुळे जुन्या अर्थाचा वकील नव्या अर्थाच्या वकिलाचं काम करू लागला : अर्ज लिहिणं, पुरावे जमवणं, मुद्दे मांडणं. माझ्या मते हे दोन्ही अर्थ एकाच माणसात भेटले ते याच रस्त्यावर.

प्रतापसिंहांची केस

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी सातारच्या छत्रपतींना गादीवर बसवलं आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. राजा शहाणा निघाला. शाळा, रस्ते, पाणी यांत त्याने लक्ष घातलं. १८३५ साली कंपनीच्या संचालकांनी खूश होऊन त्याच्यासाठी रत्नजडित तलवार आणि कौतुकाचं पत्र मंजूर केलं.

चार वर्षांत तोच राजा गुन्हेगार ठरला. मूळ भांडण जहागिरींवरच्या हक्कांचं. तहाने आपल्याला दिलेले हक्क मुंबई सरकार नाकारतंय, असं महाराजांचं म्हणणं होतं. आणि ते दबायला तयार नव्हते. मग आरोप आले, तीन : इंग्रज फौजेतल्या देशी शिपायांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार केला.

हा तिसरा आरोप पहिल्यांदा वाचला तेव्हा मी उठून बसले होते. नागपूरचा राजा म्हणजे अप्पासाहेब, मुधोजी भोसले. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली ती यांच्याच काळात. पुढे इंग्रजांच्या कैदेतून ते निसटले, भटकले आणि शेवटी जोधपूरला राजा मानसिंहाच्या आश्रयाला राहिले. ना फौज, ना पैसा. असा माणूस जोधपूरमध्ये बसून साताऱ्याच्या मदतीने इंग्रजांना हाकलणार, हा आरोपाचा गाभा. आपल्याकडे हल्ली ‘मोठा कट’ म्हणून कोण कोणाला जोडलं जातं, ते आठवून बघा.

प्रतापसिंहांना आरोपांचे कागद नीट दाखवले नाहीत, साक्षीदार समोर आणून उलटतपासणी करू दिली नाही. त्यांची मागणी एकच होती : चौकशी करा, मोकळी करा, मला उत्तर द्यायची संधी द्या.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याने प्रस्ताव ठेवला. झालं गेलं विसरू, गादी ठेवा, फक्त या अटींवर सही करा. अटींचा अर्थ उघड होता : आपण दोषी आहोत हे मान्य करून माफी स्वीकारायची. सही करा, म्हणजे सुटाल.

महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना गादीवरून काढलं, पुढे बनारसला पाठवलं, आणि धाकट्या भावाला, शहाजी उर्फ आप्पासाहेबांना, गादीवर बसवलं.

चौदा वर्षांचा कामाचा दिवस

रंगो बापूजी रोहिड खोऱ्यातल्या देशपांडे घराण्यातले. शिवाजी महाराजांना सुरुवातीच्या काळात साथ देणारे दादाजी नरस प्रभू हे त्यांचे पूर्वज. त्यांना लंडनला पाठवण्यामागे महाराजांचा विचार असा, की मुंबईचे अधिकारी पक्षपाती असतील, पण त्यांच्यावरचे लोक न्याय देतील. आपले लोक आजही ‘हायकोर्टात बघू’ म्हणतात, तसंच.

कंपनीने पहिलं उत्तर दिलं ते आपल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात शोभेल असं. तुम्हाला आम्ही ओळखत नाही. अर्ज मुंबई सरकारमार्फत यायला हवा. थ्रू प्रॉपर चॅनल! ज्या मुंबई सरकारविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून तक्रार पाठवायची.

मग रंगो बापूजींनी दुसरं दार शोधलं. कंपनी हे सरकार असलं तरी शेवटी भागधारकांची कंपनी होती. भागधारकांच्या सभा ईस्ट इंडिया हाउसमध्ये भरायच्या. एक हजार पौंडांचे भाग असतील त्याला एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन, दहा हजारांना चार. १७८४ च्या कायद्यानंतर या सभेला राज्यकारभाराचे निर्णय फिरवता येत नव्हते, पण तिथे बोलता येत होतं, आणि बोललेलं छापलं जात होतं. तिथे साताऱ्याची बाजू मांडणारे लोक मिळाले. जोसेफ ह्यूम हा खासदार. गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन. आणि सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे साताऱ्यात रेसिडेंट राहिलेला जनरल लॉडविक, जो आता आपल्याच सरकारच्या निर्णयाविरुद्ध उभा होता.

त्यांचा एखादा दिवस मी डोळ्यांसमोर आणून पाहते. सकाळी पत्रं. साताऱ्याहून किंवा बनारसहून निघालेलं पत्र पोचायला निदान दीड-दोन महिने. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार महिन्यांनी. तोवर सभा होऊन गेलेली. मग कुणाकडून तरी इंग्रजी मसुदा नीट करून घेणं, छापखान्यात पुस्तिका देणं, त्या पुस्तिका भागधारकांकडे आणि खासदारांकडे पोचवणं. एखाद्याच्या दिवाणखान्यात बसून पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगणं : तह काय होता, कलम काय होतं, आरोप काय, पुरावा कुठे आहे. भाषा परकी, हवा परकी, खाणं परकं. पैसे संपत आलेले, कर्ज वाढत चाललेलं. माझ्याकडे परतीचं तिकीट होतं आणि दिवसाचा भत्ता. त्यांच्याकडे एक वकीलपत्र होतं, ते देणारा धनी कैदेत.

दर वेळी सभेत वाद रंगायचा, मतं पडायची आणि केस हरायची. कारण साधं आहे. ज्याने निर्णय दिला तोच अपील ऐकत होता.

१४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह बनारसला वारले. ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्यात आप्पासाहेबही वारले. मरण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीने दत्तक नामंजूर केला. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणत होता की राज्य खालसा करू नये. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअरही त्याच मताचा. तरी १८४९ च्या सुरुवातीला संचालकांनी डलहौसीच्या बाजूने कौल दिला.

धनी गेला, राज्य गेलं, तरी रंगो बापूजी आणखी चार-पाच वर्षं तिथेच राहिले. केस आता राणीची आणि दत्तक वारसाची झाली होती. १८५३ च्या अखेरीस ते परत निघाले.

नजीर

कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ‘नजीर’ शिकवतात. आधीच्या एका खटल्यातला निकाल पुढच्या खटल्याला वाट दाखवतो. चुकीची नजीर पडली की ती आपल्या खटल्यापुरती राहत नाही, पुढच्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसते.

रंगो बापूजी लंडन सोडत होते त्याच सुमारास, ११ डिसेंबर १८५३ ला, नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. औरस मुलगा नाही. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात नागपूर खालसा करायचं ठरवलं. या वाटेवरचं पहिलं मोठं पाऊल साताऱ्यात पडलं होतं, आता नागपुरात फक्त चालत जायचं होतं. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल भोसल्यांचं घराणं काही रूपात टिकवावं अशा मताचा होता. कौन्सिलमधला कर्नल लो याने विरोधी टिपण लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

म्हणजे लेडनहॉल स्ट्रीटवर जो माणूस साताऱ्याची केस लढत होता, तो न सांगता आमच्या नागपूरचीही लढत होता. तो जिंकता, तर १८५४ मध्ये डलहौसीला इतकं सोपं गेलं नसतं.

पुढचं नागपूरकरांनी ऐकलेलं असतं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाहेर काढून सीताबर्डीत लिलाव झाला. जडजवाहीर १८५५ मध्ये कलकत्त्याला हॅमिल्टन कंपनीतर्फे विकायला काढलं. आणि सामान हलवलं तर राजवाड्याला आग लावीन, असं दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध राणीने, बाकाबाईने, ठणकावलं.

तीच बाकाबाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत निघते आणि जाळली जाते, ती बाकाबाईची, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. बाबांच्या खांद्यावर बसून मी ती मिरवणूक पाहिली आहे. का जाळतात? तर ती इंग्रजांना मिळाली म्हणून.

१८५७ मध्ये तिने घराण्यातल्या माणसांना उठावापासून दूर ठेवलं, हे खरं. १८५८ मध्ये ती वारली. त्यानंतर, १८६० च्या सुमारास, दत्तक जानोजींना इंग्रजांनी मान्यता दिली, ‘देऊरचे राजेबहादूर’ असा किताब दिला आणि देऊर दिलं. देऊर कुठे? सातारा जिल्ह्यात, भोसल्यांचं मूळ गाव. नागपूरच्या राजाला नागपूर गमावून साताऱ्याच्या गावाचा किताब मिळाला. राज्य गेलं, घराणं राहिलं. त्या राहिलेल्या घराण्याचा पुढे सक्करदऱ्यात महाल होता. ताजुद्दीनबाबांना १९०८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून रघुजीराव भोसल्यांनी याच सक्करदऱ्यात आणलं. आज ताजबागच्या उरुसाला जी गर्दी लोटते, तिच्यामागे कुठेतरी बाकाबाईने १८५७ मध्ये गिळलेला राग आहे.

आणि रंगो बापूजी? १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघड झाला, सूत्रधार म्हणून त्यांचं नाव आलं. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. चौदा वर्षं अर्ज लिहिणारा माणूस शेवटी अर्ज सोडून गेला.

एकीने गप्प बसून घर वाचवलं, तिला आम्ही दर वर्षी जाळतो. एकाने सही न करणाऱ्या धन्याची बाजू शेवटपर्यंत लढवली, त्याचं घर उद्ध्वस्त झालं, आणि त्याचं नाव माझ्या वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. वकील म्हणून विचारते : यातल्या कुणाला चुकीचा सल्ला मिळाला होता?

मला याचं सरळ उत्तर देता येत नाही. पण एक गोष्ट वकिलाच्या नजरेने दिसते. प्रतापसिंहांनी सही केली असती, तर आज इतिहासात एवढंच उरलं असतं, की साताऱ्याच्या राजाने कट केला, कबूल केला आणि त्याला माफी मिळाली. पुढे कुणी तपासायची गरजच नव्हती. सही केली नाही, म्हणून वाद झाला. वाद झाला, म्हणून भाषणं छापली गेली, लॉडविकचं म्हणणं नोंदलं गेलं, साताऱ्याचे कागद पार्लमेंटसमोर आले. आज कुणालाही ते पुरावे वाचून ठरवता येतं की केस किती पोकळ होती. रंगो बापूजी प्रत्येक सभेत हरले, आणि प्रत्येक हरलेल्या सभेने एक कागद मागे ठेवला.

चार वाजता

क्लायंटला फोन केला. मी त्यांना सातारा-नागपूर काही सांगितलं नाही. वकिलाने आपला इतिहास क्लायंटच्या पैशाने सांगू नये. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सही केलीत तर पैसे लवकर मिळतील, तेही कदाचित निकालातून मिळतील त्याहून जास्त. दोन, ते वाक्य फक्त या भांडणापुरतं राहणार नाही. उद्या दुसरा खरेदीदार, बँक, विमा कंपनी, कुणीही ते तुमच्यासमोर ठेवू शकेल. आणि मग विचारलं, “ते वाक्य खरं आहे का?”

“नाही ना मॅडम. माल इथून चांगला निघाला होता. माझ्याजवळ तपासणीचे कागद हायेत.”

“मग ठरवायचं तुम्ही.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. पगार थकलेले कामगार, बँकेचा हप्ता, हे सगळं मला माहीत होतं. बाकाबाईसारखं घर वाचवायला निघालेल्या माणसाला कुणी दूरदेशात बसून शूर होण्याचा सल्ला देऊ नये, हेही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, “पैसे कमी देऊ म्हणा त्यांले. पण ते वाक्य काढा.”

पुढचे दोन दिवस आम्ही एका वाक्यावर भांडलो. त्यासाठी मी आपल्या कोर्टांचे निकाल शोधले, टिपणं लिहिली, चिठ्ठ्या सरकवल्या. रक्कम किती खाली आली ते सांगता येणार नाही. वाक्य गेलं.

त्या रात्री बाबांचा फोन आला. “जेवली का?”

“हो,” मी म्हटलं. “आज वरण-भात लावला होता.”

“मग बरं. काम काय केलं दिवसभर?”

“एक वाक्य खोडलं.”

“अन् त्याचे पैसे देतात तुले?” बाबा म्हणाले.